वाचकांचे प्रश्न : नारळीकरांची आठवण कशी ठेवावी?

डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्यानंतर इंदूर, महू, देवास इथल्या वाचकांची जी पत्रे आली त्यांत सुरुवातीला हळहळ होती. आता येतात ती पत्रे कामाची आहेत: अभिवाचन कसे करायचे, जुनी प्रत कशी सांभाळायची, भाषणात काय म्हणायचे. फोटोला हार घालून पाच मिनिटांत मोकळे होण्यापेक्षा हे कितीतरी बरे. म्हणून यावेळचे सगळे सदर याच प्रश्नांना दिले आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

आमच्या सोसायटीचे मराठी मंडळ गणेशोत्सवात एक संध्याकाळ साहित्याला देते. यंदा नारळीकरांच्या कथेचे अभिवाचन करायचे ठरले आहे. वेळ एक तास. कथा कोणती घ्यावी आणि तयारी कशी करावी?
— मंडळाच्या चिटणीस, सुदामा नगर

'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्या. इंदुरात पानिपत म्हणजे घरचाच विषय. १४ जानेवारी १७६१ ला मल्हारराव होळकरांनी रण का सोडले, यावर इथे आजही दोन तट पडतात. कथेचा रोख मात्र विश्वासरावांवर आहे. खऱ्या इतिहासात त्यांना गोळी लागली. कथेतल्या दुसऱ्या इतिहासात ती कानाजवळून निघून जाते आणि पुढचा सगळा हिंदुस्थान बदलतो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या बदललेल्या जगात जाऊन पडतात. विज्ञानाची गोडी नसलेला श्रोताही इथे धरून राहतो, आणि मंडळाच्या कार्यक्रमात असे श्रोते निम्म्याहून जास्त असतात.

आता वेळेचा हिशेब. नाट्यमय अभिवाचनात मिनिटाला साधारण ११० शब्द होतात. घरी वाचताना १४० होतात, आणि तिथेच गणित फसते. तासातून प्रास्ताविक, आभार आणि उशिरा सुरू होणे वजा केले तर हाती ४० मिनिटे उरतात, म्हणजे ४,४०० शब्द. पुस्तकातल्या तीन भरलेल्या पानांचे शब्द मोजा, सरासरी काढा, पानांच्या संख्येने गुणा. कथा जितकी जास्त भरेल तितकी कात्री लावा.

कात्री कुठे लावायची हे महत्त्वाचे. प्रवास आणि रस्त्यांची वर्णने निम्मी केली तरी चालतात. मात्र त्या वेगळ्या मुंबईत इंग्रज अजून आहेत हे कळवणारे दोन-तीन तपशील ठेवा, कारण जग बदलल्याचा पुरावा श्रोत्याला तिथेच मिळतो. ग्रंथालयातला प्रसंग आणि बखरीचे फाटके पान यांना हात लावू नका. शेवट त्या पानावरच उभा आहे. बहुतेक मंडळे सर्वांत आधी उडवतात तो भाग म्हणजे शेवटचे शास्त्रीय स्पष्टीकरण, 'लोकांना कळणार नाही' म्हणून. ते उडवले की उरते ती स्वप्नाची गोष्ट. स्पष्टीकरण ठेवा, पण एकाच आवाजात सलग वाचू नका. मूळ कथेत तो संवाद आहे, तेव्हा गंगाधरपंतांचे प्रश्न एकाने आणि त्यांचा मित्र राजेंद्र याची उत्तरे दुसऱ्याने वाचावीत. प्रश्न विचारणाऱ्याने खरोखर अडल्यासारखे विचारले पाहिजे, कारण तो श्रोत्यांच्या वतीने विचारत असतो.

वाचणारे चार पुरेत: निवेदक, गंगाधरपंत, राजेंद्र, आणि बाकी सगळी किरकोळ पात्रे करणारा एक. संहिता ए-फोर कागदावर एकाच बाजूला, १६ पॉइंटमध्ये, दीडपट अंतराने छापा. पान संपताना वाक्य तुटू देऊ नका. टाचणी मारू नका. सुटी पाने बाजूला सरकवली तर आवाज येत नाही, उलटली तर तो माइकमध्ये फटाक्यासारखा येतो. वर पंखा फिरत असेल तर क्लिप असलेले पॅड घ्या, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत कोणाचे तरी पान तिसऱ्या रांगेत जाते. माइक तोंडापासून एक वीत आणि किंचित तिरका ठेवा. सरळ समोर धरला की 'प' आणि 'फ' फुटतात.

तालमी निदान तीन हव्यात. पहिली पेन्सिल घेऊन, दुसरी घड्याळ लावून, तिसरी त्याच सभागृहात. पार्श्वसंगीत टाळा. विज्ञानकथा म्हटली की सिंथेसायझरचा 'अंतराळी' हुंकार मागे लावायचा मोह होतो, पण त्याखाली व्यंजने बुडतात आणि मागच्या रांगेतली आजोबा मंडळी उठून जातात.

मल्हाररावांचा विषय निघणारच. तो वाचन संपल्यावर काढू द्या, आणि सूत्रसंचालकाने तसे आधीच जाहीर करावे.

नारळीकरांनी पहिली कथा खोट्या नावाने पाठवली होती म्हणतात. खरे का?
— एक विद्यार्थी, महू

खरे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी केली की ना. वि. ज. होतात. परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहून घेतली होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले. मंगलाताई स्वतः गणितज्ञ होत्या. त्या जुलै २०२३ मध्ये गेल्या. कार्यक्रमात त्यांचा उल्लेख केवळ 'ज्यांनी कथा उतरवून दिली' एवढाच करू नका.

मी सातवी-आठवीला शिकवते. 'उजव्या सोंडेचा गणपती' वर्गात वाचून दाखवली. मुलांना गोष्ट आवडली, पण डाव्याचे उजवे होते म्हणजे नक्की काय होते ते पटले नाही. फळ्यावर आकृती काढून उपयोग झाला नाही.
— शिक्षिका, तिलक नगर

फळ्यावर ते कळणारच नाही, हातात द्यावे लागेल. मोबियसची पट्टी करा, पण कागदाची नको. कागदाच्या पट्टीवर चित्र फिरून मागच्या बाजूला आले की मुले म्हणतात, 'हे तर पाठीमागे आहे', आणि त्यांचे बरोबर असते. पट्टी पारदर्शक हवी.

ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक शीट स्टेशनरीच्या दुकानात मिळते. ए-फोर शीटच्या लांबीतून ४ सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या कापा. त्या टोकाला टोक भिडवून पारदर्शक चिकटपट्टीने जोडा, एकमेकींवर चढवू नका. साधारण ५९ सेंटिमीटरची एक पट्टी होते. तिच्या एका टोकाला अर्धा पीळ द्या, म्हणजे १८० अंश, आणि दुसऱ्या टोकाला जोडा. लांबी रुंदीच्या दहापटीहून जास्त असली की पीळ सहज बसतो. आखूड पट्टी चुरगळते.

उरलेल्या शीटचा ३ सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि त्यावर पर्मनंट मार्करने सोंड एका बाजूला वळलेला गणपती काढा. पाण्याचा मार्कर बोटाने पुसला जातो. हा चौकोन पट्टीला चिकटून सरकवत न्या, एकदाही न उचलता, न फिरवता. एक पूर्ण फेरी झाली की तो निघाल्या जागीच येतो, पण पट्टीच्या दुसऱ्या अंगाला. आता मुलांना सुरुवातीला पाहत होती त्याच बाजूने पट्टीतून आरपार पाहायला सांगा. सोंड उलटलेली असते. पट्टीला जाडी नाही असे मानले, तर गणपती त्याच जागी परत आला आहे, फक्त आरशातला होऊन.

हमखास तीन ठिकाणी चुकते. पूर्ण पीळ दिला तर काहीच उलटत नाही. म्हणून साध्या कड्याची आणि पूर्ण पिळाची अशा आणखी दोन पट्ट्या करून मुलांनाच फरक शोधू द्या. दुसरे, जोड उंच राहिला तर चौकोन तिथे अडतो, मूल तो उचलून पुढे ठेवते आणि प्रयोग तिथेच संपतो. तिसरे म्हणजे 'उजवी सोंड' कोणाची उजवी, मूर्तीची की पाहणाऱ्याची, हे आधी ठरवून फळ्यावर लिहा. मूर्तिशास्त्रात मूर्तीची स्वतःची उजवी धरतात. हे न ठरवता सुरू केले तर अर्धा तास वादात जातो.

पुढची पायरी हातमोज्याची. डाव्या हाताचा मोजा कसाही फिरवला तरी उजव्याचा होत नाही. आत-बाहेर उलटला तरच होतो. सपाट गणपतीला उलटायला पट्टीला तिसऱ्या मितीत पीळ द्यावा लागला. तसेच त्रिमितीतल्या मूर्तीला उलटायला अवकाशालाच पीळ असावा लागेल. कथेतली उडी एवढीच आहे, आणि गणिताच्या दृष्टीने ती सरळ आहे.

वर्गात एखादे चौकस मूल असेल तर त्याला विचारा, असा उलटून आलेला माणूस सकाळी पोहे-जिलेबी खाईल तर काय होईल? आपल्या शरीरातली अमिनो आम्ले एकाच 'हाताची' असतात आणि अन्नातल्या शर्करा दुसऱ्या. उलटलेल्या माणसाची पाचक विकरेही उलटी, त्यामुळे पोह्यातले पिष्ट आणि जिलेबीतली साखर तोंडात असूनही त्याच्या कामाची नाही. पाणी आणि मीठ चालेल, कारण त्यांना डावे-उजवे नाही. या प्रश्नावर दहावीची मुलेसुद्धा तासभर गुंततात.

नारळीकरांना मराठीतले पहिले विज्ञानकथाकार म्हणावे का?
— वाचक, रामबाग

नाही. त्यांच्या आधी भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणला होता आणि नारायण धारप लिहीत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच मराठी मासिकांत अशा कथा तुरळक येत होत्या. नारळीकरांमुळे काय झाले, ते असे: संशोधनात हयात घालवणारा माणूस स्वतःच्या विषयाचे ताजे प्रश्न कथेत आणू लागला, आणि मासिकांच्या संपादकांना विज्ञानकथा मुख्य पानांवर छापावीशी वाटू लागली. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी हा प्रांत वाढवला. 'पहिले' म्हणायची घाई केली की पुढचे-मागचे सगळेच पुसले जातात.

२० मे च्या स्मरणसभेत मला दहा मिनिटे बोलायचे आहे. व्हॉट्सअॅपवर आलेल्या मजकुरात त्यांनी 'बिग बँग चुकीचा ठरवला' आणि 'आइन्स्टाइनसोबत काम केले' असे आहे. हे म्हणावे का? आणि त्यांचा सिद्धांत मागे पडला हे स्मरणसभेत बोलणे बरे दिसेल का?
— निवृत्त प्राध्यापक, लोकमान्य नगर

पहिली दोन्ही वाक्ये खोडा. आइन्स्टाइन १९५५ मध्ये गेले. नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठातून बी.एस्सी. होऊन केंब्रिजला पोचले ते १९५७ मध्ये. त्यांनी काम केले खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासोबत. १९६४ मध्ये दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धांत मांडला, त्याची मुळे भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांच्या विचारात होती: वस्तूचे जडत्व तिचे स्वतःचे नसून विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तूंमुळे तिला मिळते. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतेशी त्याचा संबंध आहे तो असा, विचाराचा.

बिग बँगबद्दल नीट सांगायचे तर क्रम लक्षात ठेवा. स्थिर स्थिती विश्वाची, म्हणजे विश्वाला आरंभ नाही आणि ते कायम सारखेच दिसते, ही कल्पना १९४८ ची. ती हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांची. त्या वेळी नारळीकर दहा वर्षांचे होते, तेव्हा ती त्यांच्या नावावर घालू नका. १९६५ मध्ये विश्वाच्या तप्त सुरुवातीची खूण मानल्या जाणाऱ्या सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाकडे (बिग बँगकडे) वळले. नारळीकर वळले नाहीत. हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी सुधारित रूप मांडले. त्यात विश्व एकदाच जन्मत नाही. प्रसरण-आकुंचनाची आवर्तने चालू राहतात आणि द्रव्य छोट्या छोट्या घटनांतून निर्माण होत राहते. हे बहुसंख्यांनी स्वीकारले नाही. आज पाठ्यपुस्तकात महास्फोटच आहे.

आणि हो, स्मरणसभेत हे जरूर सांगावे. बरे दिसण्याचा प्रश्नच नाही. आयुष्यभर अल्पमतात राहून, निरीक्षणांना उत्तरे देत, चिडचिड न करता वाद चालवणे ही त्यांची मोठी बाजू आहे. ती झाकून 'पाश्चात्त्यांनी न्याय दिला नाही' असा सूर लावला तर त्यांच्या शास्त्रीय कामाचा अपमान होतो. शास्त्रात मत मागे पडणे ही नामुष्की नव्हे.

दहा मिनिटांत बसेल असा बाकीचा तपशील: जन्म १९ जुलै १९३८, कोल्हापूर. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारसला गणिताचे प्राध्यापक. १९६५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पद्मभूषण. १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्राचे संस्थापक-संचालक, २००३ पर्यंत. युनेस्कोचा कलिंग पुरस्कार १९९६, पद्मविभूषण २००४. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार. ही चार नगरे म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे. नाशिकच्या २०२१ च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, पण प्रकृतीमुळे तिथे जाऊ शकले नाहीत. पुरस्कारांची यादी एका मिनिटात संपवा आणि उरलेला वेळ वरच्या वादाला द्या.

शाळेत त्यांच्या नावाने काहीतरी घ्यायचे आहे. प्रश्नमंजूषा नको, मुले पाठ करून येतात.
— मुख्याध्यापक, देवास

नाणेफेक घ्या. फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी नारळीकर आणि सहकाऱ्यांनी केली आणि ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून जातक हुशार विद्यार्थी आहे की मतिमंद, एवढेच सांगायचे होते. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के निघाले. नुसत्या अंदाजाने ५० येतात.

मुलांना हे आधी सांगू नका. प्रत्येकाला नाणे द्या, ४० वेळा फेकायला लावा, छापे मोजायला लावा. चाळीस मुलांच्या वर्गात बहुतेकांचे छापे १४ ते २६ मध्ये येतील. मग विचारा: किती छापे आले तर 'याला काही विद्या अवगत आहे' असे मानू? २८ किंवा जास्त छापे निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता हजारात सुमारे आठ. एखाद्याला ते येतीलही, आणि तो दिवसभर मिरवेल. त्याला पुन्हा ४० वेळा फेकायला सांगा. बहुतेक वेळा जादू उतरते, आणि एका चाचणीवर का थांबायचे नाही ते मुलांना न सांगता कळते. त्यानंतर चाचणीची हकिगत सांगा. नाणी एकाच जातीची घ्या, आणि फेक टेबलावर पडू द्या. तळहातावर झेलणारी मुले नकळत चलाखी करतात.

वडिलांच्या संग्रहात 'यक्षांची देणगी'ची जुनी प्रत आहे, त्यावर नारळीकरांची सही आहे. पाने पिवळी पडली आहेत, दोन सुटली आहेत, आणि पावसाळ्यात कसर दिसली. लॅमिनेट करून घेऊ का?
— वाचिका, नारायण बाग

लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही आणि आतल्या कागदाचे आम्ल आतच कोंडते. पाने पिवळी पडतात ती कागदातल्या लिग्निनमुळे आणि आम्लामुळे. ते परत पांढरे करण्याच्या फंदात पडू नका, वेग कमी करणे एवढेच आपल्या हातात आहे.

आधी कसर. पुस्तक दोन झिप पिशव्यांत, एकीत एक, हवा काढून बंद करा आणि फ्रीझरमध्ये (उणे १८ अंश) दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. चोवीस तास तशीच राहू द्या, नाहीतर थंड कागदावर बाहेरच्या हवेचे पाणी धरते आणि सही पसरते. डांबराच्या गोळ्या कपाटात नकोत. वास जन्मभर जात नाही आणि माणसालाही ते बरे नाही.

सुटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका. काही वर्षांत त्याचा गोंद तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. फेव्हिकॉलही नको, तो कडक होतो आणि नंतर कोणालाच काढता येत नाही. गव्हाच्या पिष्टाची खळ करा: एक भाग पिष्ट, सहा भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत वीस मिनिटे, मग गार करून बारीक गाळणीतून काढा. जुने बांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तुम्ही घालू नका, त्यातले तांबे कागद जाळते. सुट्या पानाच्या आतल्या कडेला पातळ टिश्यूची एक सेंटिमीटरची पट्टी या खळीने लावा आणि तिची दुसरी बाजू शेजारच्या पानाला. वर-खाली बटर पेपर ठेवून वजनाखाली रात्रभर राहू द्या. हात ओला असताना सहीच्या पानाकडे जाऊच नका. फाउंटन पेनची शाई थेंबाभर पाण्यानेही धावते.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले असेल तर चार बोटे पुढे ओढा. इंदूरच्या जुन्या घरांत जुलै-ऑगस्टमध्ये याच भिंती घाम धरतात. पुस्तके दाबून भरू नका, हवा खेळली पाहिजे. सहीचे पान ४०० डीपीआयने स्कॅन करून ठेवा, मग दाखवायला स्कॅन आणि मूळ प्रत कपाटात.

'कृष्णविवर' कथेच्या निमित्ताने आकाशदर्शन ठेवायचे आहे. १९ जुलैला जमेल का? कृष्णविवर कुठे आहे हे दाखवता येते का?
— तरुण मंडळ, राऊ

१९ जुलै विसरा, माळव्यात तेव्हा ढग असतात. २० मे ला आकाश मोकळे मिळू शकते, पण धूळ असते आणि तुम्हाला हवा तो भाग उशिरा वर येतो. ऑक्टोबर घ्या. त्यातही कोजागिरी नको! मसाला दुधाला ती उत्तम, ताऱ्यांना सर्वांत वाईट, कारण चांदण्यात फिके तारे दिसतच नाहीत. कोजागिरीनंतरच्या पंचमीपासून वसुबारसेपर्यंतची कोणतीही संध्याकाळ धरा. पुढे दिवाळीचा धूर सुरू होतो.

दाखवायचे ते हंस तारकासमूहातले सिग्नस एक्स-१. त्यातून क्ष-किरण येतात हे १९६४ मध्ये रॉकेटवरच्या उपकरणाने कळले, आणि १९७१-७२ च्या सुमारास ते कृष्णविवर असावे असा पुरावा जमू लागला. म्हणजे स्पर्धेला कथा गेली तेव्हा ही बातमी जेमतेम दोन-तीन वर्षांची होती. ही तारीख श्रोत्यांना सांगा, कथेचा ताजेपणा त्यातून समजतो.

रात्री आठच्या सुमारास डोक्याजवळ, जरा पश्चिमेकडे, तीन ठळक ताऱ्यांचा मोठा त्रिकोण दिसेल: अभिजित, श्रवण आणि हंसाच्या शेपटीतला तारा. शेपटीपासून मानेकडे या. छातीचा तारा आणि चोच यांच्या मध्ये, मानेवर, एक मध्यम तारा साध्या डोळ्यांना दिसतो. त्याच्यापासून चंद्राच्या रुंदीएवढ्या अंतरावर ती जागा आहे. सुमारे नवव्या प्रतीचा, म्हणजे साध्या डोळ्यांना न दिसणारा, निळसर तारा १०×५० च्या दुर्बिणीने, ट्रायपॉडवर लावून, अंधाऱ्या जागी कसाबसा सापडतो. तो कृष्णविवराचा जोडीदार. कृष्णविवर दिसत नाही. हे रांग लावायच्या आधी सांगा, नाहीतर प्रत्येक जण 'काळा ठिपका कुठाय?' विचारतो आणि नाराज होऊन जातो. जोडीदाराचा वायू विवराभोवती भोवऱ्यात पडताना तापतो आणि क्ष-किरण सोडतो, ते जमिनीपर्यंत येत नाहीत.

अंतर सुमारे ७,००० प्रकाशवर्षे. वस्तुमान सूर्याच्या सुमारे २१ पट. न फिरणाऱ्या विवराची त्रिज्या दर सूर्यामागे ३ किलोमीटर धरली तर ६० किलोमीटरच्या आसपास येते, म्हणजे व्यास साधारण इंदूर ते धार आणि परत एवढा. वेळेचा खेळही आकड्यात सांगा: विवराच्या त्रिज्येपेक्षा एकच टक्का दूर थांबून राहिलेल्याचे एक वर्ष म्हणजे आपली दहा वर्षे.

जागा म्हणाल तर महूच्या पुढे जानापावच्या बाजूला जा. रात्री थांबण्याची परवानगी आधी विचारा. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा, आणि मोबाइल पाहिला की डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीस मिनिटे लागतात, हे तरुण मंडळाला वेगळे बजावून सांगा.

माझा मुलगा बारा वर्षांचा, इंग्रजी शाळेत. मराठी बोलतो, पण वाचताना अडखळतो. सुरुवात कशाने करू?
— आई, विजय नगर

तुम्ही वाचा, त्याला ऐकू द्या. रोज पंधरा मिनिटे, आणि प्रसंगाच्या मध्येच थांबा. गणपतीच्या कथेपासून सुरू करा, वर दिलेली पट्टी सोबत करा. पानिपतची कथा तेराव्या-चौदाव्या वर्षी. ती अकरावीच्या एनसीईआरटीच्या 'हॉर्नबिल'मध्ये 'द अॅडव्हेंचर' या नावाने आहे. इंग्रजी आधी वाचून मग मराठी ऐकली तरी हरकत नाही, मुलांना तुलना करायला आवडते. 'वामन परत न आला' ही कादंबरी नंतर. 'आकाशाशी जडले नाते' भेट द्यायला सुंदर, पण त्याच्या वयाला सलग वाचायचा नाही. चित्र आवडेल तिथे उघडू द्या.

अभिवाचनाचे चित्रीकरण यूट्यूबवर टाकले तर चालेल का? लेखक तर आता नाहीत.
— मंडळाचे कार्यकर्ते, सुदामा नगर

लेखक गेल्याने हक्क संपत नाही. भारतात तो मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो, म्हणजे नारळीकरांच्या लेखनासाठी २०८५ च्या अखेरपर्यंत. हौशी मंडळाने तिकीट न लावता श्रोत्यांसमोर सादर करणे याला कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात सूट आहे. इंटरनेटवर टाकणे ही वेगळी गोष्ट, त्याला परवानगी लागते. कथेचे नाट्यरूपांतर करणार असाल तर त्यालाही.

परवानगीचे पत्र पुस्तकाच्या प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवा, प्रकाशक ते वारसांपर्यंत पोचवतात. 'यक्षांची देणगी' मौज प्रकाशनाची आहे. दुसऱ्या पुस्तकातली कथा असेल तर त्याच्या आतल्या पानावर पाहा. पत्रात कथेचे नाव, पुस्तक, आवृत्ती, कुठला भाग गाळणार, कार्यक्रमाची तारीख, तिकीट आहे की नाही, आणि चित्रीकरण कुठे व किती काळ ठेवणार हे स्पष्ट लिहा. काटछाट केलेली संहिता सोबत जोडा. कार्यक्रमाच्या निदान सहा आठवडे आधी पाठवा, आणि उत्तर आले नाही तर त्याचा अर्थ होकार असा घेऊ नका. तोवर प्रास्ताविक आणि चर्चेचा भाग टाकायला कोणाचीच आडकाठी नाही.